तिझी उझूचे न झालेले व्याख्यान

१० मार्च १९८० रोजी अल्जेरियातील तिझी उझू या शहराच्या विद्यापीठात एक व्याख्यान व्हावयाचे होते. वक्ते होते मुलूद मामेरी. वय बासष्ट, कादंबरीकार आणि मानववंशशास्त्राचे अभ्यासक. विषय होता काबिल भाषेतील जुनी कविता. या कवितांचा त्यांनी केलेला संग्रह पॅरिसमध्ये नुकताच प्रसिद्ध झाला होता आणि विद्यार्थ्यांनी त्यावर बोलण्यासाठी त्यांना पाचारण केले होते. शहराच्या अलीकडे द्रा बेन खेद्दा येथे पोलिसांनी त्यांना अडविले, प्रांताच्या 'वाली'समोर, म्हणजे आपल्याकडील जिल्हाधिकाऱ्यासारख्या अधिकाऱ्यासमोर, उभे केले आणि व्याख्यानास बंदी असल्याचे सांगितले. कारण जगभरचे नेहमीचेच : सार्वजनिक शांततेला धोका.

धोका व्याख्यानाने नव्हे, बंदीने निर्माण झाला. दुसऱ्याच दिवशी विद्यार्थी रस्त्यावर आले. १६ एप्रिलला सारा काबिली प्रदेश बंद राहिला. २० एप्रिलच्या पहाटे सुरक्षा दले विद्यापीठात, रुग्णालयात आणि सोनेलेक या सरकारी कारखान्यात घुसली. शेकडो माणसे जखमी झाली, चोवीस जणांना राज्य सुरक्षा न्यायालयापुढे उभे करण्यात आले आणि जूनअखेरीस त्यांची सुटका करावी लागली. उत्तर आफ्रिकेच्या इतिहासात या घटनांना 'बर्बर वसंत' म्हणतात.

ज्या सरकारपाशी तेल होते, फौज होती, एकमेव पक्षाची सत्ता होती, त्याला डोंगरातल्या जुन्या कवितांची एवढी धास्ती का वाटावी? शिवाय ते सरकार स्वतःस समाजवादी म्हणवीत होते. म्हणून हा प्रश्न साहित्याच्या पुरवणीत न विचारता याच पानावर विचारला पाहिजे.

प्रथम एक कबुली. त्या वर्षी मी अर्थशास्त्राच्या एम. ए.च्या वर्गात होतो. आमच्या अभ्यासशिबिरांतून अल्जेरियाचे नाव फार आदराने घेतले जाई. आठ वर्षांचे सशस्त्र स्वातंत्र्ययुद्ध, १९७१ च्या फेब्रुवारीत झालेले तेल-वायूचे राष्ट्रीयीकरण, १९७३ ची अल्जीयर्सची अलिप्त राष्ट्रांची परिषद, नव्या जागतिक अर्थव्यवस्थेची बूमेदिएन यांनी केलेली मागणी, हे सारे आम्हाला पाठ होते. पुढे प्राध्यापक झाल्यावर विकासाच्या अर्थशास्त्रात मी अल्जेरियाचे प्रारूप वर्षानुवर्षे शिकविले : पोलाद, यंत्रे, खते यांसारखे 'उद्योगांना जन्म देणारे उद्योग' आधी उभारा, बाकीचे मागून येईल, हा द बेर्नी यांचा सिद्धान्त. अन्नाबाजवळच्या पोलाद कारखान्याचे आकडे मी फळ्यावर लिहीत असे. त्या कारखान्यात कामाला येणारा माणूस घरी कोणती भाषा बोलतो, हा प्रश्न मला कधी पडला नाही आणि एकाही विद्यार्थ्याने तो विचारला नाही. तिझी उझूची हकीकत मला कळली ती फार उशिरा, निवृत्तीच्या सुमारास.

आपल्या भाषेत 'बर्बर' या शब्दाचा अर्थ रानटी, असंस्कृत असा आहे. युरोपीय भाषांत या लोकांना मिळालेले नावही त्याच जातीच्या शब्दापासून आलेले आहे. परक्याची बोली ज्याला नुसती बडबड वाटली त्याने ठेवलेले हे नाव. हे लोक स्वतःला 'इमाझिघेन' म्हणतात आणि आपल्या भाषेला 'तमाझिग्त'. मोरोक्कोपासून सहाराच्या दक्षिण काठापर्यंत तिची अनेक रूपे बोलली जातात. काबिल हे त्यांतील एक. अल्जेरियात ही भाषा बोलणाऱ्यांचे प्रमाण जाणकार लोकसंख्येच्या पाचव्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत धरतात. अरबी भाषा तेथे पोहोचण्यापूर्वीपासून ती तेथे आहे. तिचे बहुतेक वाङ्मय मात्र मौखिक. त्यामुळे वसाहतकाळच्या फ्रेंच पंडितांना ते वाङ्मयच वाटेना, आणि स्वतंत्र अल्जेरियाच्या राज्यकर्त्यांना ते राष्ट्राचे वाटेना. एकाने त्याला बालिश ठरविले, दुसऱ्याने फुटीर. दोघांचाही हिशेब एकच होता : कागदावर नाही ते नाही.

मामेरींचा जन्म १९१७ साली काबिलीतील ताउरीर्त मिमून या डोंगरगावात झाला. आथ येन्नी टोळीची ही गावे चांदीचे दागिने आणि हत्यारे घडविणाऱ्या कारागिरांची. काबिल समाजात 'अमुस्नाव' म्हणून एक माणूस असे. जाणता, पण ग्रंथपंडित नव्हे. गावाच्या पंचायतीत तंटा विकोपाला गेला असता नेमका जुना श्लोक, नेमका दाखला काढून दोन्ही पक्षांना शरमवणारा आणि समेटाची वाट दाखविणारा. त्याची विद्या कारागिराच्या दुकानात, बाजाराच्या वाटेवर, ऐकून ऐकून मिळविलेली. मामेरींचे वडील या परंपरेतील अखेरच्या काही जणांपैकी एक होते. मुलगा रबात, अल्जीयर्स, पॅरिस येथे शिकला, ग्रीक-लॅटिनच्या अभ्यासात रमला, दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच फौजेतून लढला, आणि घरी आला तेव्हा त्याच्या लक्षात आले की, पॅरिसमध्ये होमरबद्दल जे शिकविले जाते ते आपल्या घरी वडील रोज बोलत होते. समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू यांच्याशी काबिल मौखिक कवितेविषयी झालेला त्यांचा संवाद १९७८ साली छापला गेला. ज्यांना फ्रेंच येते त्यांनी तो मुळातून वाचावा.

त्यांच्या संशोधनाचे मोल समजून घ्यावयाचे तर सी मोहंद या कवीची हकीकत सांगितली पाहिजे, आणि येथे अर्थशास्त्र आपोआप येते. सी मोहंद जन्मले १८४५ च्या आसपास. १८५७ साली फ्रेंच फौजांनी काबिली जिंकली आणि किल्ला बांधण्यासाठी त्यांचे गाव जमीनदोस्त केले. १८७१ साली मोक्रानीच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. तो मोडून काढल्यावर सरकारने बंडात सामील झालेल्या टोळ्यांवर साडेतीन कोटी फ्रँकांहून अधिक दंड बसविला आणि सुमारे साडेचार लाख हेक्टर जमीन जप्तीखाली आणली. दंड भरण्यासाठी उरलेली जमीन विकावी लागली, ती युरोपीय वसाहतवाल्यांच्या हाती गेली. एका पिढीत शेतकऱ्याचा मजूर झाला. सी मोहंद यांच्या वडिलांना मृत्युदंड देण्यात आला, चुलत्याची न्यू कॅलिडोनिया बेटावर रवानगी झाली, मालमत्ता गेली. तरुण मोहंद भटक्या झाला. पायी ट्यूनिसपर्यंत गेला, मिळेल ती मजुरी केली, दारू प्याला, प्रेमात पडला आणि कविता रचीत राहिला. नऊ ओळींची, तीन-तीन ओळींच्या तीन कडव्यांची घट्ट कविता. त्याची एक प्रतिज्ञा होती असे सांगतात : एकदा म्हटलेली कविता पुन्हा म्हणावयाची नाही.

विचार करा. कवी लिहून ठेवीत नाही, पुन्हा म्हणतही नाही. तरी शेकडो कविता टिकल्या. कारण ज्याने ऐकली त्याने ती जपली. कोळसेवाला, हमाल, फ्रान्समधील कारखान्यात गेलेला स्थलांतरित मजूर, पाणवठ्यावरची बाई, ही त्या कवितेची हस्तलिखिते. जमीन जप्त करता आली, कविता जप्त करता आली नाही. बूलिफा यांनी कवीच्या हयातीतच, १९०४ साली, काही कविता छापल्या. १९६० साली मुलूद फेराऊन यांनी संग्रह केला, आणि दोनच वर्षांनी, युद्धविरामाच्या तोंडावर, फ्रेंच अतिरेक्यांनी फेराऊन यांची हत्या केली. १९६९ साली मामेरींचा सर्वांत विस्तृत संग्रह निघाला. १८७१ नंतर काबिल शेतकऱ्याचे काय झाले याचे आकडे सरकारी दप्तरात मिळतात. त्याला काय वाटले हे या नऊ ओळींतच मिळते. मी आयुष्यभर दप्तर वाचले; दुसरा पुरावा असतो हे मला कोणी सांगितले नव्हते.

आता राज्यकर्त्यांची बाजू. ती अगदीच पोकळ नव्हती. काबिल हे अरबांपेक्षा निराळे, युरोपला जवळचे, सहज फ्रेंच होण्याजोगे, अशी एक दंतकथा फ्रेंचांनी मुद्दाम पोसली होती. मोरोक्कोत १९३० साली बर्बर टोळ्यांना निराळा कायदा लावणारा हुकूम काढून त्यांनी तोच डाव टाकला आणि त्याविरुद्धच्या क्षोभातून मोरोक्कोची राष्ट्रीय चळवळ उभी राहिली. फोडा आणि झोडा ही नीती आम्हाला का शिकवावी लागेल? त्यामुळे 'बर्बर' शब्द कानी पडताच राष्ट्रवाद्यांना मागे साम्राज्यशाही दिसे. १९४९ साली मेसाली हाज यांच्या पक्षातील काही तरुणांनी, अल्जेरिया हा अरब-इस्लामी म्हणण्याऐवजी सर्व अल्जेरियनांचा म्हणावा असा आग्रह धरला. 'बर्बरवादी' हा शिक्का मारून त्यांना बाजूला सारण्यात आले. १९५२ साली मामेरींची पहिली कादंबरी आली तेव्हा राष्ट्रवादी टीकाकारांनी, हा लेखक देश विसरून एका टेकडीची गोष्ट सांगतो म्हणून त्यांना झोडपले. त्याच लेखकाला १९५७ साली फ्रेंच दडपशाहीमुळे मोरोक्कोत आसरा घ्यावा लागला.

परंतु शत्रूने एखाद्या गोष्टीचा गैरवापर केला म्हणून ती गोष्टच शत्रूची होते काय? येथे अल्जेरियाच्या नेतृत्वाची चूक सुरू झाली, आणि ती केवळ भाषिक चूक नव्हती. स्वातंत्र्याच्या वेळी दहांपैकी आठांहून अधिक अल्जेरियन निरक्षर होते. फ्रेंच हटविणे न्याय्यच होते. तिच्या जागी आणली गेली ती ग्रांथिक अरबी; अल्जीयर्सच्या गल्लीत बोलली जाणारी अरबी नव्हे. म्हणजे ज्याची मातृभाषा काबिल त्याला ती परकी आणि ज्याची मातृभाषा बोली अरबी त्यालाही ती निम्मी परकी. कातेब यासीन यांच्यासारखा फ्रेंचमधील कीर्तिमान लेखक १९७० नंतर बोली अरबीत नाटके करीत कामगारांपुढे गेला तो हे ओळखूनच. इकडे तेल कंपनी, पोलाद, नियोजन खाते, वैद्यक या साऱ्यांचा कारभार फ्रेंचमधूनच चालू राहिला आणि वरच्या वर्गाची मुले फ्रेंच शिकत राहिली. गरिबांची मुले अरबीतून पदव्या घेऊन बाहेर पडली, त्यांना नोकऱ्या मिळेनात. १९७९ च्या नोव्हेंबरात अरबी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी याच कारणासाठी संप केला. म्हणजे तिझी उझूच्या अवघ्या चार महिने आधी! दोन्ही बाजूंचे तरुण एकाच भिंतीवर डोके आपटत होते. त्यांना एकमेकांचे शत्रू म्हणून उभे करण्यात राज्यकर्त्यांचे साधले.

या वातावरणात मामेरींची विद्यापीठीय कारकीर्द पार पडली. बर्बर भाषेचे अध्यासन स्वातंत्र्यानंतर बंद झाले होते. १९६५ पासून अल्जीयर्स विद्यापीठात ते या भाषेचा वर्ग घेत, पण तो केवळ चालवून घेतलेला वर्ग. त्याला ना पदवी, ना अध्यासन. उच्च शिक्षणाच्या सुधारणेत मानववंशशास्त्र हे वसाहतवादी शास्त्र ठरवून काढून टाकण्यात आले आणि १९७३ च्या सुमारास हा वर्गही थांबला. ज्या वर्गाची गुणपत्रिकेत नोंद होत नाही त्याला कोण येते, हे आपण प्राध्यापक मंडळी चांगले जाणतो. त्या वर्गाला मात्र मुले येत. भूगर्भशास्त्राचा, वैद्यकाचा विद्यार्थीही येई. त्या पिढीतूनच आजीच्या कहाणीवर रचलेले 'आ वावा इनूवा' हे ईदिर यांनी गायिलेले गाणे निघाले आणि देशाबाहेर पोहोचले. १९६९ ते १९८० या काळात मामेरी मानववंश व प्रागितिहास संशोधन केंद्राचे संचालक होते. सहारातील गुरारा प्रदेशात, तिमिमून भोवतीच्या मरूद्यानांत, रात्रभर वर्तुळात उभे राहून गायिल्या जाणाऱ्या 'अहेल्लिल' या गायनाचे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिमुद्रण केले, संहिता उतरविल्या. भूमिगत पाण्याच्या पाटांवर राबणाऱ्या, गुलामांच्या वंशजांचाही ज्यात सहभाग आहे असे ते गायन. युनेस्कोने त्याला मानवी वारशाचा मान दिला तो २००५ साली. १९७६ साली काबिल भाषेतच लिहिलेले तिचे व्याकरण त्यांनी प्रसिद्ध केले. प्रकाशक पॅरिसचे मास्पेरो, म्हणजे फॅनन यांचे 'पृथ्वीवरील अभागी' हे पुस्तक छापणारे तेच! अल्जेरियाच्या क्रांतीचे पुस्तक आणि अल्जेरियाच्या भाषेचे व्याकरण दोन्ही एकाच डाव्या प्रकाशकाने छापावीत आणि त्यांतील दुसरे अल्जीयर्समध्ये संशयास्पद ठरावे, यावर अधिक काय लिहावे?

हे एकट्या अल्जेरियात घडले असेही नाही. गिनीत सेकू तूरे यांच्या समाजवादी राजवटीने शाळांतून स्थानिक भाषा आणल्या, हे तिचे श्रेय मान्य केले पाहिजे. तथापि, 'सुंजाता'चे महाकाव्य शाहिराच्या तोंडून ऐकून १९६० साली जगापुढे ठेवणारे जिब्रिल तामसिर नियान १९६१ च्या शिक्षक-प्रकरणात तुरुंगात गेले ते तेथेच. आणि १९६९ साली अल्जीयर्सला सर्व आफ्रिकेचा सांस्कृतिक महोत्सव भरला, तेव्हा आईकडून कंठगत झालेली काबिल गाणी जगभर गाणाऱ्या ताऊस अमरूश यांना अधिकृत व्यासपीठ मिळाले नाही. त्या विद्यार्थ्यांसमोर गायिल्या. आफ्रिकेच्या मौखिक वाङ्मयाचा गौरव करणाऱ्या उत्सवात यजमान देशाच्याच मौखिक वाङ्मयाला जागा नव्हती.

आपल्यापैकी अनेकांना येथे डॉ. लोहियांचे 'अंग्रेजी हटाओ' आंदोलन आठवेल, आणि काही साथी विचारतील की अल्जेरियाने तेच केले, मग बिघडले कोठे? फरक आहे. लोहियांचा आग्रह लोकभाषांचा होता. साहेबाची भाषा काढून पंडिताची भाषा बसविली तर राबणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मालक तेवढा बदलतो. हे मान्य करणारे आपणही आपल्या अंगणात पाहतो काय? घटनेच्या आठव्या अनुसूचीत संथाळी २००३ साली आली. भिली आणि गोंडी बोलणारे लक्षावधी लोक असूनही त्या भाषा अद्याप बाहेर आहेत. धडगाव-भामरागडच्या मुलाला पहिल्या दिवशी शाळेत जी मराठी भेटते ती त्याला कशी वाटत असेल, याचा विचार मराठीच्या हक्कासाठी लढलेल्या आपल्या चळवळीने मनापासून केलेला नाही. मी तर केलेला नाहीच.

व्याख्यानबंदीनंतर दहा दिवसांनी 'एल मुजाहिद' या सरकारी दैनिकाने मामेरींवर राष्ट्रकार्याकडे पाठ फिरविल्याचा आरोप करणारा लेख छापला. त्यांचे उत्तर त्या पत्राने छापले नाही. त्याच्या प्रती हातोहात फिरल्या. त्यानंतर त्यांनी पॅरिसमध्ये बर्बर अभ्यासाचे केंद्र काढले, १९८५ साली 'अवाल', म्हणजे 'शब्द', हे नियतकालिक सुरू केले. फेब्रुवारी १९८९ मध्ये मोरोक्कोतील परिसंवादाहून मोटारीने परतताना आइन देफ्लाजवळ अपघातात ते गेले. त्यांच्या गावच्या अंत्ययात्रेला लोटलेल्या जनसागराचे वर्णन काबिलीत आजही ऐकू येते.

त्यांनी पक्ष काढला नाही, निवडणूक लढविली नाही. हुसेन आइत अहमद यांचा समाजवादी शक्ती मोर्चा १९६३ पासून लोकशाही आणि बहुविधता या दोन्हींसाठी झगडत होता, पण तो भूमिगत आणि परागंदा. १९८० साली लोक उठले ते एका प्राध्यापकाच्या अडविलेल्या गाडीवरून. पुढची वाट सोपी नव्हती. १९९४-९५ चे शालेय वर्ष काबिली मुलांनी बहिष्कारात घालविले, तेव्हा भाषेसाठी सरकारी आयोग आला. २००१ सालच्या दडपशाहीत शंभराहून अधिक माणसे मेली, तेव्हा २००२ साली तमाझिग्तला राष्ट्रीय भाषेचा दर्जा मिळाला. २०१६ साली ती अधिकृत भाषा झाली. २०१८ पासून १२ जानेवारीला बर्बर नववर्षाची सुट्टी असते. तिझी उझूच्या ज्या विद्यापीठात त्यांना पाऊल टाकू दिले नाही त्याचे नाव आज मुलूद मामेरी विद्यापीठ असे आहे. आणि २०१९ साली लोकशाहीसाठी लक्षावधी लोक दर शुक्रवारी रस्त्यावर उतरत असताना, हाती इमाझिघेनांचा झेंडा धरला म्हणून सरकारने कित्येक तरुणांना तुरुंगात टाकले.